औंदा रथाला आपली गाडी

आमची गाडी घरी आली ती चालत आली नाही, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणावी लागली. हे बाबांना पुढे बरेच दिवस सलत राहिलं, आणि का सलत राहिलं ते मी पुढे सांगतोच. एका सरकारी खात्याच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. खरं तर ते गेले होते शाळेसाठी एक लाकडी कपाट बघायला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, जन्म सायकलवर आणि एसटीच्या मागच्या बाकावर गेलेला. कपाट दुसऱ्या कुणी तरी उचललं आणि बाबा घरी आले ते नऊ माणसांच्या लांबलचक जीपगाडीचे मालक होऊन. टोपावर सामानाचा कठडा, चारी चाकं गुळगुळीत, दार लावायचं तर खांद्यानं धक्का द्यावा लागे आणि उघडायचं तर विनंती करावी लागे. आई पदराला हात पुसत दारात आली. तिनं गाडीकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कपाट कुठंय?"

"ह्याच्यात लई कप्पे हायत," बाबा म्हणाले.

गल्लीतल्या पोरांनी त्याच दिवशी तिचं नाव 'हत्तीण' ठेवलं. आणि माहूत नेमला गेलो मी. मी तेव्हा बारावीचा गणित विषय मागं ठेवून घरी बसलो होतो. माझी कारागिरीतली पात्रता म्हणाल तर एवढीच, की शाळेची विजेची घंटा बंद पडली होती ती मी दुरुस्त केली होती, आणि ती दिवसभर बंदच होईना म्हणून शेवटी हेडमास्तरांनी शाळा सोडून दिली होती. पोरांच्या दृष्टीनं गावात माझ्याइतका मोठा मिस्त्री नव्हता. बाबांच्या दृष्टीनं दुसरा फुकटचा मिस्त्री नव्हता.

आता बाबांच्या सलाची गोष्ट. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर. एप्रिल आला की सगळ्या शिवारात हळद शिजते. त्या वाफेला एक मातकट, कडसर गोड वास असतो. तो कपड्यांत बसतो, भाकरीत उतरतो, आणि माझ्या डोक्यात तर तो कायमचा भीमजयंतीशी जोडला गेला आहे. जयंतीचा रथ म्हणजे ट्रॉलीवर बांधलेला मखर, त्यात बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि बुद्धमूर्ती. ही ट्रॉली ओढायला दरवर्षी गावातल्या एका बागायतदाराचं ट्रॅक्टर येई. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणे. माणूस वाईट नव्हता. मागितलं की ट्रॅक्टर द्यायचे, फक्त ते मागावं लागे, आणि मागायला बाबांना जावं लागे. आदल्या वर्षी मिरवणूक ऐन चौकात, पारासमोर आली आणि अण्णांच्या माणसानं निरोप आणला, की हळद घासायचा ढोल फिरवायला ट्रॅक्टर पाहिजे. ड्रायव्हरनं जोडाचा खिळा उपसला, ट्रॉली सोडली आणि निघून गेला. वाजंत्री थांबली. पारावरची माणसं बघत होती. कुणी वावगा शब्द काढला नाही, तेच जास्त वाईट होतं. रथ उतारावर घरंगळू नये म्हणून बाबा चाकामागं दगड लावून तिथंच उकिडवे बसून राहिले. मग आम्ही सगळ्यांनी खांदे लावून तो विहारापर्यंत ढकलत नेला. घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. आणि आता घरची गाडीही ट्रॅक्टरमागूनच आली होती.

म्हणून गाडी आल्यावर जयंती कमिटीच्या पहिल्याच बैठकीत बाबा उठून उभे राहिले आणि फळ्यावर लिहिल्यासारखं एकच वाक्य बोलले, "औंदा रथाला आपली गाडी." सगळ्यांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. किसनमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ आणि गावातली सगळ्यात मोकळी जीभ, हळूच म्हणाला, "भाचे, गाडी चालू हाय का?"

"होईल," मी म्हणालो.

"मंग खांद्यांना तेल लावून ठेवतो."

जयंतीपर्यंतचा सगळा उन्हाळा आमच्या अंगणात लिंबाखाली गेला. सकाळी आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज आणि माझ्या हातोडीचा आवाज एका तालात चालत. तिची धुण्याची परात मी डिझेलला घेतली, मग पिठाची चाळणी पुसण्याचं फडकं घेतलं, आणि एक दिवस नट-वायसर हरवू नयेत म्हणून तिच्या मसाल्याच्या डब्याच्या रिकाम्या वाटीत ठेवले. मला ती जागा फार सोयीची वाटली. त्या दिवशी घरी वरण-बट्टी होती. बाबांनी पहिलाच घास घेतला, थांबले, तोंडातून एक वायसर काढला, धुतला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. "तुझाच आहे ना?" एवढंच विचारलं. आईनं मात्र त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर माझ्यासाठी आणि माझ्या सामानासाठी सीमा आखली.

मला नुसती दुरुस्ती करायची नव्हती, सुधारणा करायची होती. या दोन शब्दांतला फरक कळायला माणसाचं निम्मं आयुष्य जातं. ट्रॉलीचा भार सोसावा म्हणून मी मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींत मोडक्या ट्रॉलीचा एक जादा पाटा घुसवला. गाडी मागून अशी उठली, की अंड्यावरून हुसकलेल्या कोंबडीसारखी दिसू लागली. इंजिन एकदाचं सुरू झालं, तेव्हा पहिल्या फेरीला किसनमामा मागं बसला. कालव्याच्या पुलावरच्या उंचवट्यावर गाडी उडाली, आणि गाडी खाली आल्यावरही मामा थोडा वेळ वरच होता. टोपाला आतून त्याच्या टकलाचा आकार उमटला. "भाचे," तो डोकं चोळत म्हणाला, "बाकी काही म्हण, पण छपराची तपासणी बराबर झाली." पाटा काढला. त्याच हातानं मी वायरिंग केलं, तर उजवीकडं वळायचा दिवा लावला की काच पुसायच्या कांड्या हलू लागत. ते मी तसंच ठेवलं. आमच्या भागात एप्रिलमध्ये पाऊस नसतो, त्यामुळं कांड्या हलल्या की गाडी उजवीकडं वळणार हे गावाला महिनाभरात पाठ झालं.

आता माझ्या जावयाच्या गाडीत समोर पडदा आहे. काही बिघडलं की पडद्यावर दिवा लागतो आणि जावई खाली न उतरता मोबाइलवर बोट ठेवून माणूस बोलावतो. मी शेजारी बसून सवयीनं हुंगून बघतो. माझ्या पिढीला बिघाड आधी नाकाला कळत असे, मग कानाला, आणि अकलेला सगळ्यात शेवटी.

हळदीचं प्रकरण असंच नाकापासून सुरू झालं. रेडिएटर गळत होता. रोज सकाळी गाडीखाली ओलं. एसटीच्या थांब्यावर कुणी तरी सांगितलं, रेडिएटरच्या पाण्यात चिमूटभर हळद टाका, बारीक भोक बुजतं. सल्ला खोटा नव्हता. पण चिमूटभर हे हळदीचं माप ज्यांच्या घरी ती पुडीतून येते त्यांच्यासाठी असतं. आमच्या गावात हळद पोत्यानं बोलतात. मी एक वाटी घातली, आणि एवढ्या मोठ्या गाडीला वाटीनं काय होणार म्हणून मनाच्या समाधानासाठी आणखी अर्धी. आईनं खिडकीतून पाहिलं. "तिचं लगीन हाय का?" ती म्हणाली. पण खरं सांगतो, गळती थांबली. अंगण कोरडं पडलं. मी दोन दिवस छाती काढून फिरलो आणि तिसऱ्या दिवशी बाबांना घेऊन कळमनुरीच्या बाजाराला निघालो.

अर्ध्या वाटेत इंजिनाच्या तापाचा काटा लाल रेघेवर गेला. रेडिएटरच्या टोपणाच्या कडेनं पिवळा फेस यायला लागला आणि शिजत्या हळदीचा तोच वास गाडीभर पसरला. बाबा म्हणाले, "कुणाच्या तरी शेतात हळद चढवलेली दिसतेय." मी म्हणालो, "व्हय, दिसतेय." कसेबसे कळमनुरीत पोचलो. तिथं रशीदचाचांचं गॅरेज होतं. त्यांनी खालची नळी सोडली. जे बाहेर आलं ते पाणी नव्हतं, पिठलं होतं. चाचांनी बोट बुडवलं, हुंगलं, आणि माझ्याकडं पाहिलं.

"हल्दी डाले?"

"जी."

"कित्ती?"

मी हातानं वाटीचा आकार दाखवला. बाबांच्या समोर अर्धी लपवली.

"अरे बेटा," चाचा खाली बसलेच, "मैं समझा तुम गाडी बनाते. तुम तो सालन बनाते!" गॅरेजमधली सगळी माणसं नळी बघायला आली. बाजाराच्या गटारातून पिवळा ओहळ वाहत गेला आणि दोन बकऱ्या त्याच्या मागं मागं गेल्या. चाचांनी रेडिएटर धुतला, भोकावर डाख दिला, आणि जाताना माझा कान धरून सांगितलं, की यापुढं पाण्याशिवाय आत काहीही घालायचं नाही. बाबा परतीच्या वाटेत फक्त एकदा बोलले, "कोणाच्या शेतात नव्हती तर."

मी तो धडा मनापासून घेतला. आतून काही घालायचं नाही, हे शिकलो. बाहेरून काही लावायचं नाही, हे मात्र चाचांनी सांगितलं नव्हतं.

जयंती जवळ आली तसं मला वाटू लागलं, की रथ सजणार आणि पुढची गाडी उघडी बोडकी दिसणार. म्हणून मी पत्र्याचं धम्मचक्र करायला घेतलं. घराची फाटकं बनवणाऱ्याकडून एक मोठी गोल लोखंडी कडी वाकवून घेतली, तिला आरे जोडले. आऱ्यांमध्ये मोकळी जागा ठेवली तर लांबून चक्र उठून दिसणार नाही, म्हणून मागं अख्खा पत्रा मारला. पत्र्यावर निळा रंग, आऱ्यांवर पांढरा. आरे जोडता जोडता शेवटच्याला जागाच उरली नाही. बाबांनी शाळेतली छडी आणून एकेक आरा मोजला आणि म्हणाले, "चोवीस पाहिजेत, हे तेवीस. धम्मात सवलत नसते." ते सगळं उसवून परत केलं. मग हे चक्र मी गाडीच्या तोंडावर, जाळीच्या एक वीत पुढं, बंपरच्या गजांना वेल्डिंग करून टाकलं. बोल्टनं बसवता आलं असतं. पण बोल्ट सैल होतात, आणि मला यंदा काहीही सैल नको होतं. गाडीचं तोंड पूर्ण झाकलं गेलं. दिसायला असं देखणं, की बाबा शाळेतून आले आणि सायकल न लावता तिथंच उभे राहिले. मी रस्त्यावर एक फेरी मारली. वेगात बाजूनं थोडा वारा घुसत होता, काटा शांत होता. मला वाटलं, झालं.

जयंतीच्या दिवशी ऊन कलायला लागल्यावर रथ निघाला. पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया पुढं, मग लेझीम, हलग्या, निळे झेंडे, मग हत्तीण, आणि तिच्या मागं दोरखंडाशिवाय, पक्क्या खिळ्यानं जोडलेली ट्रॉली. मी चालवत होतो. बाबा माझ्याशेजारी, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, गुडघ्यांवर हात ठेवून. पहिल्या गिअरात, माणसाच्या पावलानं. गल्लीतल्या प्रत्येक घरासमोर पाण्याचे पिंप आणि सरबताची पातेली मांडलेली. लोक बोनेटवर फुलं टाकत होते. आणि मी ज्या गोष्टीचा कधीच विचार केला नव्हता ती तेव्हा सुरू झाली. पावलाच्या वेगात वारा नसतो. इंजिनाचा पंखा पुढून हवा ओढायला बघत होता आणि पुढं माझा अख्खा पत्रा उभा होता. चौकाच्या अलीकडंच काटा चढायला लागला. नाकाला कळलं, कानाला कळलं. चौकात, बराबर पारासमोर, बोनेटच्या फटीतून वाफ आली.

हलगीवाल्यांचे हात थबकले. पारावर अण्णा बसले होते. ते उठले, चालत्या गाडीच्या खिडकीशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, ट्रॅक्टर रिकामं हाय. पाठवू का? लाजू नका उगंच." ते मनापासून म्हणत होते की नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. बाबांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. गाडी थांबवली तर रथ त्याच जागी थांबणार, आणि न थांबवली तर इंजिन जाम होणार. मी विचारलं, "बाबा, बंद करू?"

"न्हाई." मग अण्णांकडं वळून, शाळेत पाहुण्यांशी बोलतात तसं, "अण्णा, तुमची मेहेरबानी. चाललंय आमचं." आणि मग मला, "हे कशानं होऊन राहिलं?"

"हवा न्हाई. चक्राचा पत्रा आड येतोय."

"मंग तो काढ."

"वेल्डिंग केलंय."

बाबांनी डोळे मिटले. बहुतेक त्या कपाटाची आठवण काढली असावी. मग म्हणाले, "सरक. मी धरतो."

बाबांना शाळेच्या मैदानावर मी पहिला गिअर शिकवला होता. दुसरा त्यांना उधळेपणा वाटे. त्या घडीला जगातला सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे फक्त पहिला गिअर येणारा माणूस. चालत्या गाडीत आम्ही बापलेकांनी जागा बदलली. त्यात माझा पाय हॉर्नवर पडला आणि लोकांना वाटलं, हा काही तरी इशारा आहे, म्हणून लेझीम जोरात सुरू झाली. मी सीटखालून छन्नी, हातोडी आणि पत्रा कापायची कात्री घेतली, पुढं पळालो आणि बंपरच्या पुढं आलेल्या गजावर घोड्यावर बसावं तसा, तोंड गाडीकडं करून बसलो. पाय खाली लोंबत होते, पाठ मिरवणुकीकडं, तोंडावर इंजिनाचा जाळ. दोन आऱ्यांमधल्या निळ्या पत्र्यावर मी छन्नी लावली आणि पहिला घाव घातला.

"ए पोरा!" मिरवणुकीतला एक म्हातारा बाप्पा ओरडला. "आजच्या दिवशी चक्रावर घाव घालतो? अक्कल हाय का तुला?"

हातोडी माझ्या हातात तशीच राहिली. तेव्हा खिडकीतून डोकं बाहेर काढून बाबा बोलले, वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं अशा आवाजात, "बाप्पा, चक्राला न्हाई, पत्र्याला घालतोय! आरे तसेच राहतील. चक्र मोकळंच असतं!"

"मोकळं असतं मंग झाकलं काहून होतं?" बाप्पा म्हणाला. बिनतोड प्रश्न. मी ठोकत राहिलो.

छन्नीनं फट पाडायची, कात्री घुसवायची, दोन बाजू कापायच्या आणि पत्रा पाकळीसारखा बाहेर वाकवायचा. पत्रा तापलेला, हात भाजत होते, कडेनं बोटं कापत होती. किसनमामा शेजारून चालत लोकांना समालोचन सांगत होता, "एक खिडकी उघडली! दुसरी उघडून राहिली! हवेशीर घर, मंडळी, हवेशीर घर!" आई पांढऱ्या लुगड्याचा ओचा खोचून बायांतून पुढं आली, एका घरासमोरच्या पिंपातून तांब्या भरला आणि मी उघडलेल्या फटीतून आतल्या जाळीवर फेकला. निम्मं पाणी जाळीवर, निम्मं माझ्या डोक्यावर. "डोळे मीट!" ती ओरडली, आणि दुसरा तांब्या फेकल्यावर, "आता उघड!" तिचं पाहून दारादारातल्या बाया तांबे, गडवे, घागरी घेऊन आल्या. एकीनं घाईत सरबताचं पातेलं उचललं. ते सगळं माझ्या डोक्यावर आणि पाठीवर आलं. वाफ, पाणी, साखर, निळा रंग, आणि मागून हलग्या. मी फक्त ठोकत होतो. मला पार दिसत नव्हता, चौक दिसत नव्हता, माझ्या डोळ्यांसमोर तेवढ्या निळ्या पत्र्याचे तुकडे होते. एवढं एकाग्र मी आयुष्यात गणितासाठी झालो असतो तर आज कुठल्या कुठं असतो.

किती पाकळ्या उघडल्या ते माहीत नाही, पण एकदम पोटाशी गार झुळूक जाणवली. इंजिनाचा पंखा माझ्या सदऱ्याचं टोक आत ओढत होता. हवा जात होती. मी ओरडलो, "बाबा, काटा?"

बाबांनी काट्याच्या काचेवर बोट टेकवलं. मग, "खाली येऊन राहिला!"

मी मान बाजूला काढून पाहिलं तेव्हा चौक मागं पडला होता. पारावरची माणसं बसलेली नव्हती, उभी राहून आमच्याकडं बघत होती. रथ एका क्षणालाही थांबला नव्हता.

विहाराच्या फाटकाशी कमिटीची माणसं खिरीच्या पातेल्यांशी उभी होती. हार तयार, मेणबत्त्या तयार. बाबांनी इथं गाडी थांबवायची, मूर्ती उतरवायची, असं ठरलेलं. फाटक आलं. बाबांनी हात जोडून विहाराला नमस्कार केला, लगेच हात चाकावर ठेवले, आणि गाडी पहिल्याच गिअरात, माणसाच्या पावलानं, फाटकावरून पुढं निघाली.

"अहो गुरुजी! विहार मागं राहिला! थांबा!" कमिटीची माणसं हार घेऊन पळायला लागली.

"थांबायचं काहून?" बाबा आतून म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच तसा ऐकला. परीक्षेनंतर सुट्टी लागलेल्या पोरासारखा. "चालून राहिली ना गाडी? चौकातून अजून एक फेरी."

आई गाडीबरोबर चालत होती, रिकामा तांब्या हातात. "तुमी फिरा गावभर," ती म्हणाली, "पण पोरगं समोर लटकून राहिलंय, भिजलंय, रक्तानं माखलंय. त्याला तरी उतरू द्या!"

"बसू द्या त्याला," बाबा म्हणाले. "बरंच काम राहिलंय त्याचं."

मी तोंडावरचं सरबत पुसलं आणि पुढच्या पत्र्यावर छन्नी लावली.